खानदेशच्या उन्हात कुंडीतली भाजी : मृगाआधीची तयारी आणि पुढचं सगळं

गिरणाकाठ (जळगाव) · २४ मे

मंडळी, कुंडीतल्या भाजीबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेचं असतं. तोच सल्ला जळगाव-धुळ्यात लावला की एप्रिलात पेरलेली कोथिंबीर वर येत नाही, मे महिन्यात टोमॅटोची फुलं गळून पडतात, आणि माणूस म्हणतो आपल्या हाताला गुण नाही. हाताचा काही दोष नसतो हो. महिना चुकलेला असतो. पारा ४३-४४ वर असताना टोमॅटोला फळ धरतच नाही. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे गेलं की त्याचे परागकण निकामी व्हायला लागतात. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून कितीतरी जण पहिल्याच वर्षी कुंड्या उलट्या करून ठेवतात.

म्हणून हा धागा आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी. आत्ता आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेलीय, मृग तोंडावर आलाय. हे दिवस पेरायचे नाहीत, भरायचे आहेत. माती, खत, पिशव्या, भांडी सगळं आत्ता जमवून भरून ठेवा. पहिला चांगला पाऊस पडून हवा निवली की मग बी टाका.

पहिल्या वर्षी वांगी-टोमॅटोच्या मागे लागू नका. पालेभाजीपासून सुरुवात करा. तिला सहा इंच खोलीचं कुठलंही पसरट भांडं चालतं, महिन्याभरात ताटात येते, आणि बिघडली तरी बियाण्याचे चार पैसेच गेलेले असतात. त्यातही पहिला मान पोकळ्याचा, म्हणजे माठाच्या जातीतल्या पालेभाजीचा. पोकळ्याला ऊन सोसतं, पाऊस सोसतो, तो पंचवीस-तीस दिवसांत कापायला येतो, आणि मुळासकट न उपटता बोटभर खोड ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. बी अगदी बारीक असतं, चिमूटभर घेऊन मूठभर कोरड्या मातीत मिसळा आणि मग भुरभुरा, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. वरून मातीचा पातळ थर पुरे. खोल गाडलं की उगवत नाही.

मेथी घरातल्या डब्यातली चालते. रात्रभर भिजवून, सकाळी निथळून पेरा. धन्यांचं मात्र नीट ऐका. एक धना म्हणजे दोन बिया एकत्र असतात. पाटावर धने पसरून लाटण्याने हलकं दाबून फिरवायचं, दोन दाळी सुट्या झाल्या पाहिजेत पण पीठ व्हायला नको. मग रात्रभर पाण्यात. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, कधी पंधरवडाही लागतो. तोवर भांडं कोरडं पडू द्यायचं नाही. बरेच जण सातव्या दिवशी कंटाळून त्यात दुसरंच काही लावतात. कोथिंबिरीचा खरा हंगाम आपल्याकडे पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. एप्रिल-मे मध्ये ती उगवलीच तर पान धरायच्या आधी फुलावर जाते.

एक सूचना फार महत्त्वाची. दुकानातल्या पाकिटातलं गुलाबी, हिरवं रंगवलेलं बी म्हणजे त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. पेरायला ते उत्तम, पण पेरल्यावर हात साबणाने धुवा, आणि मोड आणून खायला, कोवळे अंकुर खायला ते कधीही वापरू नका. लहान मुलं घरात असतील तर पाकीट वर ठेवा.

आता तुम्ही बोला. कुणाकडे किती जागा आहे, ऊन किती येतं, पाणी कितव्या दिवशी येतं, हे लिहिलंत तर बोलणं नेमकं होईल.

पांझरेची लेक (धुळे) · २४ मे

ताई, फारच वेळेवर लिहिलंत. माझी दुसऱ्या मजल्यावरची पूर्वेची गॅलरी आहे, साडेनऊ-दहापर्यंत ऊन, मग सावली. म्हणजे तीन तास धरा. एवढ्यात काय येईल? आणि पाण्याचा प्रश्न मोठा आहे, नळाला रोज पाणी नाही. फिल्टरमधून जे पाणी बाहेर फेकलं जातं ते आणि कूलरच्या टाकीत उरतं ते घालू का? रोज दोन-तीन बादल्या वाया जातात, बघवत नाही.

गिरणाकाठ (जळगाव) · २५ मे

तीन तासांत पालेभाजी छान येते. पालक, मेथी, पुदिना, कांद्याची पात, लसणाची पात, आंबट चुका. मिरची, वांगं, भेंडी यांना सहा तास तरी ऊन हवं, तो नाद सध्या सोडा. उलट मे महिन्यात तुमची पूर्वेची गॅलरी आमच्या उघड्या गच्चीपेक्षा भाग्यवान. दुपारच्या उन्हाचा फटका तिला बसत नाही.

कांद्याची पात तर आजच लावा. घरात मोड आलेले बारीक कांदे असतील ते निम्मे मातीत, निम्मे वर, असे जवळ जवळ खोचा. याला उन्हाळाही चालतो. पात कापा, पुन्हा येते, दोन-तीनदा झाल्यावर कांदा पोकळ होतो, मग बदला.

पाण्याचं मात्र सांभाळून. फिल्टरचं फेकलेलं पाणी म्हणजे मूळ पाण्यातला सगळा क्षार त्या उरलेल्या पाण्यात गोळा झालेला असतो. कूलरचंही तसंच, पाणी उडून जातं आणि खार टाकीत राहतो. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड. तेच सतत घातलं की मातीवर पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात. साध्या पाण्यात निम्मं मिसळून, तेही आलटून पालटून घाला, आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्या पावसात ठेवून धुवून निघू द्या. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी मात्र बिनघोर घाला, मिठाचं नसलं म्हणजे झालं.

भुसावळ जंक्शन · २५ मे

कुंड्या विकत घेण्याआधी केळीवाल्यांकडे जा! आपल्या भागात केळी भरायचे प्लास्टिकचे क्रेट तडा गेले की भंगारात जातात. असा क्रेट आतून गोणपाटाने किंवा जुन्या शेडनेटने मढवायचा आणि मातीने भरायचा. पाणी आपोआप निथळतं, हवा खेळती राहते, दोन माणसांनी उचलून जागाही बदलता येते. पालेभाजीसाठी याच्याइतकं चांगलं भांडं मी पाहिलेलं नाही. फळांचे थर्माकोलचे खोकेही चांगले, त्यात मुळं तापत नाहीत. तळाला चार भोकं पाडा.

रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या वांग्या-मिरचीला. पण घासून, धुवून, चार दिवस उन्हात ठेवून. आणि शेतातून कीटकनाशकाचे, तणनाशकाचे रिकामे कॅन, ड्रम आणून त्यात भाजी लावणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. कितीही धुतलं तरी तो डबा खायच्या वस्तूसाठी नाही.

काळ्या ग्रो बॅग आणि काळ्या कुंड्या आपल्या उन्हात हात लावू देत नाहीत इतक्या तापतात. आतल्या मुळांचं काय होत असेल? बाहेरून चुना मारा नाहीतर बारदान गुंडाळा. आणि एकेकटी न ठेवता खेटून ठेवा, एकीची सावली दुसरीवर पडते.

केळीपट्टा (यावल तालुका) · २६ मे

मी शेतकरी माणूस, घराच्या ओट्यावर आईने दहा-बारा डबे केलेत तेवढाच माझा कुंडीचा अभ्यास. पण मातीवर बोलतो. शहरातली मंडळी काळ्या मातीला नावं ठेवतात आणि दुकानातून कोकोपीटच्या विटा आणतात. कोकोपीट ओल धरतं हे खरं, पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नाही. काळ्या मातीत अन्न धरून ठेवायची ताकद आहे, कापूस-केळी उगाच नाही येत इथे.

गिरणाकाठ (जळगाव) · २६ मे

भाऊ, काळ्या मातीबद्दल तुमच्याइतकाच मलाही अभिमान आहे. पण शेतात ती पाच-सात हात खोल असते, कुंडीत बारा इंच. कुंडीत ती सुकली की आक्रसते, कडा सोडते, आणि वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली. वर चिखल दिसतो, मुळाशी कोरडं. आणि पावसाळ्यात उलटं, पाणी निथळत नाही, मुळं कुजतात. म्हणून तिला मोकळं करायला सोबत काहीतरी हवंच. मी एक वाटा काळी किंवा गाळाची माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, आणि एक वाटा भुसभुशीत माल असं घेते. तो तिसरा वाटा कोकोपीटच असला पाहिजे असं नाही. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, कुजलेला पालापाचोळा, भाताचं तूस, जाड वाळू, जे हाताशी असेल ते.

केळीपट्टा (यावल तालुका) · २६ मे

टरफलं पटली. त्यात केळीच्या खांबाचं सांगतो. घड कापल्यावर खांब बांधावर पडूनच असतात, कुणीही नेऊ देईल. त्याचे वीतभर तुकडे करून मोठ्या ड्रमच्या तळाशी टाका, वर माती. खांबात पाणी भरपूर आणि पालाशही. महिना-दोन महिन्यांत खांब बसतो, माती खाली जाते, तेव्हा वर अजून माती-खत घालायची तयारी ठेवा. आणि शेणखत घेताना मुठीत धरून वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं. कच्च्या शेणातून हुमणी येते, पांढरी जाड अळी, ती मुळं खाऊन झाड उभं वाळवते.

कोकोपीटचं माझं मत तेच आहे, विकत कशाला.

स्लॅब आणि बीम (धुळे) · २७ मे

बांधकामात काम करतो म्हणून एक गोष्ट सांगणं कर्तव्य समजतो. बारा बाय बारा इंचाच्या ग्रो बॅगेत वीस-बावीस लिटर माल बसतो. ताईंनी सांगितलेलं हलकं मिश्रण भिजल्यावर ती पिशवी वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते, नुसती काळी माती भरली तर तीसच्या पुढे. वावर असलेल्या गच्चीसाठी आराखड्यात एक चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, आणि त्यातच माणसं, पाणी, वाळवणं सगळं आलं. म्हणून मोठे ड्रम गच्चीच्या मध्यभागी नकोत. भिंतीलगत, बीमवर, कठड्याच्या कडेने ओळ लावा. पिशव्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी घोडीवर ठेवा, खालून हवा जाईल, ओल मुरणार नाही, आणि पावसाच्या पाण्याची वाट अडणार नाही.

गावाकडच्या धाब्याच्या घरांवर तर काहीच ठेवू नका. मातीचं धाबं आधीच जड असतं, त्यावर रोजचं पाणी म्हणजे सरळ धोका. अंगणात जागा करा.

गॅलरीच्या कठड्याला बाहेरून टांगलेल्या कुंड्यांबद्दलही हेच. आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळी वारा सुटतो, खाली माणसं चालतात.

शिरपूरनी पोर · २७ मे

ताई, बठ्ठं वाचं, भलतं मस्त लिखं शे. आमना गल्लीमा पानी दोन दिवसआड येस, तरी माय डब्बामा गिलकानी येल लावस. मे महिनामा पानं कोमायतस, दुपारले जीव कासावीस व्हस. दुपारी पानी टाकानं का नई?

गिरणाकाठ (जळगाव) · २८ मे

दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात ना? मग गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वेलीला पाण्याची कमतरता नाही, ती फक्त ऊन सोसतेय. मोठ्या पानांच्या वेली असं करतातच. सकाळी पाहा. सकाळीही मलूल दिसली तर मात्र खरी तहान आहे. पाणी सकाळी लवकर द्या, उन्हं चढायच्या आत मुळांनी पिऊन घेतलं पाहिजे. द्यायच्या आधी बोटाचं दोन पेरं मातीत घालून बघा. वाफसा असेल, म्हणजे माती ओलसर पण बोटाला चिकटत नाही, तर त्या दिवशी राहू द्या. भांड्यातलं झाड तहानेने मरतं तितकंच जास्त पाण्यानेही मरतं.

वरून आच्छादन हवंच. वाळका पाला, गव्हाचं काड, उसाची चिपाडं, दोन बोटं जाड थर. पाणी निम्म्याने पुरतं म्हटलं तरी चालेल. कूलरचं जुनं गवत काढून टाकतो ना आपण, तेही धुवून वापरता येतं, पण खाराने पांढरं, कडक झालेलं असेल तर नको.

आणि पश्चिमेचा वारा अडवा. आपल्याकडे केळीबागेच्या कडेने शेवरी लावतात ती कशासाठी? उन्हापेक्षा झळ जास्त मारते म्हणून. गच्चीवर पश्चिमेच्या बाजूने ५० टक्क्यांची हिरवी जाळी उभी बांधा, आणि मार्च ते मृग डोक्यावरही एक. पावसाळा सुरू झाला की डोक्यावरची लगेच काढा, नाहीतर झाडं लांबुडकी, पिवळी होतात.

पथारी (नंदुरबार) · २९ मे

मिरचीचं माझ्याकडून घ्या, आमच्या गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात त्या सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्यात.

घरी एका वीस लिटरच्या बादलीत एक झाड, दोन नाही. बी मृगाच्या सुमारास ट्रेमध्ये टाकायचं, पाच-सहा आठवड्यांनी वीतभर रोप झालं की संध्याकाळच्या वेळी मोठ्या भांड्यात. ज्यांच्याकडे आत्ता जुनं मिरचीचं झाड आहे आणि फुलं गळतायत, त्यांनी ते उपटू नये. उष्णतेने फूलगळ होते, झाड मेलेलं नाही. मिरची काही एका हंगामाची नाही, जपली तर दोन-तीन वर्षं टिकते. पाऊस लागला की शेंडे हलके छाटा, मूठभर शेणखत द्या, श्रावणात पुन्हा बहरेल.

पानं वळायला लागली की लोक सगळ्याला बोकड्या, चुरडा-मुरडा म्हणतात आणि दुकानातून औषध आणतात. आधी पान हातात घ्या. कडा वरच्या बाजूला, होडीसारख्या वळल्या असतील तर फुलकिडे. खालच्या बाजूला वळून पान लांबट, निमुळतं झालं असेल तर कोळी. कोळी अगदी बारीक असतो, पानाच्या खालून पाण्याची जोरदार फवारणी दोन-तीन दिवस केली तरी पुष्कळ कमी होतो. फुलकिड्यांना निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. निंबोळ्या आत्ता जूनमध्ये झाडाखाली पडतील, सावलीत वाळवून वर्षाच्या भरून ठेवा.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हात जोडून विनंती. कापसावर मारून उरलेलं औषध ‘चार थेंब तर आहेत’ म्हणून घरच्या भाजीवर मारू नका. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला भाजीपाल्यावर वापरायची बंदी आहे. आपण घरी भाजी लावतो तीच मुळात पोराबाळांच्या पोटात असलं काही जाऊ नये म्हणून.

माहेर अमळनेर (पुणे) · १ जून

आई अमळनेरला एकटी असते, वय सत्तरच्या पुढे. तिला झाडांची फार आवड, पण बादल्या उचलणं आता होत नाही. महिन्यातून एकदा मी जाते तेव्हा काय लावून देऊ जे तिला झेपेल? सगळे म्हणतात राहू दे, पण सकाळी उठून काहीतरी बघायला असलं की तिचा दिवस बरा जातो.

भुसावळ जंक्शन · १ जून

राहू देऊ नका, नक्की लावून द्या. वाकावं लागणार नाही असं कमरेच्या उंचीवर, ओट्यावर किंवा टेबलावर मांडा. प्रत्येक मोठ्या क्रेटच्या मध्यभागी एक लहान, पाणी झिरपणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत गाडा. आतबाहेर रंग नसलेलं, साधं. आईंनी तांब्याने मडकं भरायचं आणि झाकणी ठेवायची, एवढंच. माती सुकेल तसं पाणी झिरपत राहतं. पावसाळ्या-हिवाळ्यात तीन-चार दिवस बघायला नको, मे महिन्यात मात्र एक दिवसाआड भरावं लागेल. झाकणी विसरू नका, डास होतात.

लावायला पुदिना, कांद्याची पात, पोकळा आणि मिरचीची दोन तयार रोपं. पुदिना बाजारातल्या जुडीतून जाड काड्या निवडा, खालची पानं काढून पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. त्याला वेगळं भांडं द्या, दुसऱ्या कुणाला तो जागा ठेवत नाही.

स्लॅब आणि बीम (धुळे) · १ जून

आपलं जळगाव ठिबकचं गाव. शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आणि चार ड्रीपर कुणाकडेही मिळतील. डोक्याच्या उंचीवर एक टाकी ठेवून त्यातून नळी सोडली तर आईंना फक्त तोटी फिरवायची. एवढ्या कमी दाबावर सगळे ड्रीपर चालत नाहीत, साधे फिरवून कमी-जास्त करता येणारे घ्या. टाकीच्या तोंडाशी जाळी बसवा, नाहीतर खाराने आणि कचऱ्याने तुंबतात.

माहेर अमळनेर (पुणे) · १५ जुलै

मडकी गाडून आले. आईचा फोन होता, पोकळा कापला आणि शेजारच्या काकूंनाही दिला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आता ती भेंडी म्हणतेय. होईल का?

गिरणाकाठ (जळगाव) · १६ जुलै

होईल. भेंडीचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून भांडं बारा इंच खोल आणि बी जागेवरच टोचायचं, रोप उचलून लावलेलं तिला आवडत नाही. बी रात्रभर भिजवा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो. दोन-तीन झाडांत घरची भाजी निघत नाही हे आधीच सांगते, मन खट्टू व्हायला नको. एका झाडावर दोन दिवसाआड एक भेंडी धरली तर चार माणसांना दहा-बारा झाडं लागतात. आणि तोडायला उशीर नको, एक दिवस जास्त राहिली की ती निबर होते आणि झाड नवी फुलं कमी करतं.

पानांच्या शिरा पिवळ्याजर्द दिसल्या तर तो केवडा. पांढऱ्या माशीने येतो, औषध नाही, ते झाड उपटून बाहेर टाका म्हणजे बाकीची वाचतील. बी घेतानाच केवड्याला दाद न देणारं मागा. परभणी क्रांती हे परभणीच्या विद्यापीठाचं जुनं वाण त्याच कारणासाठी काढलेलं आहे.

शिरपूरनी पोर · ९ सप्टेंबर

गिलक्याच्या वेलीला फळं धरतात, बोटाएवढी होतात आणि पिवळी पडून गळतात. दोडक्याचंही तेच. खत दिलं, पाणी दिलं. आईने नजर उतरवून झाली.

केळीपट्टा (यावल तालुका) · ९ सप्टेंबर

फलन होत नाहीये. उंचावर मधमाशी कमी येते. हाताने करा. ज्या फुलाच्या मागे इवलं फळ दिसतं ते मादी, ज्याच्या मागे नुसता देठ ते नर. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादीच्या मध्यभागी हलकेच फिरवा. पण वेळ सांभाळा, इथेच लोक फसतात. गिलक्याचं फूल पहाटे-सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. दुधीचंही संध्याकाळी, पांढरं. सकाळी उठून दोडक्याला परागकण लावत बसलात तर उपयोग नाही. आणि सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस वेलीवर नुसती नर फुलं येतात, त्यात घाबरायचं काही नाही.

शिरपूरनी पोर · २२ सप्टेंबर

दादा, संध्याकाळी केलेले चार दोडके धरले. गिलकी तर रोज उतरताहेत. आई म्हणस, भाऊले सांग, जेवाले ये.

पांझरेची लेक (धुळे) · १८ ऑक्टोबर

पालक, चुका, पुदिना जोरात आहे. भावाच्या घरची उघडी गच्ची मिळालीय, सहा-सात तास ऊन. आता खरं मनातलं विचारते. भरताचं वांगं, आपलं हिरवं-पांढरट मोठं, ते कुंडीत होतं का? चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याला निदान पुढच्या वर्षी घरचं वांगं असावं असं फार वाटतं.

केळीपट्टा (यावल तालुका) · १९ ऑक्टोबर

होतं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्याकडच्या बामणोदचं नाव त्यासाठी घेतात. शेतातली गोडी कुंडीत शंभर टक्के उतरेल असं मी म्हणणार नाही, पण बाजारातल्या जांभळ्या वांग्यापेक्षा ते कधीही सरस.

तीस लिटरचा डबा, एक झाड, आणि बांबूचा भक्कम आधार, कारण एकेक वांगं पाव-अर्धा किलोचं. एका वेळी चार-पाच फळंच राहू द्या. पुढच्या वर्षी मृगात बी टाका, जुलैअखेर रोप मोठ्या डब्यात लावा, दिवाळीच्या आगेमागे तोडा सुरू होईल आणि मार्गशीर्षात झाड भरात असेल. शेंडा अचानक वाकून वाळलेला दिसला की आत अळी आहे. तिथून बोटभर खाली कापा आणि चुलीत टाका. ही रोजची नजर ठेवली तर औषधाची गरज पडत नाही. खताला सरकी पेंड किंवा शेंगदाण्याची पेंड मूठभर बादलीत भिजवून चार दिवसांनी दहापट पाण्यात, पंधरा दिवसांतून एकदा. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पांझरेची लेक (धुळे) · १९ ऑक्टोबर

बी कुठून घेऊ? आणि एकदा आणल्यावर घरचं बी धरता येईल का?

केळीपट्टा (यावल तालुका) · २० ऑक्टोबर

आमच्या आईकडचं देतो, संक्रांतीनंतर जळगावला येतो तेव्हा गिरणाकाठ ताईंकडे ठेवीन, ज्याला हवं त्याने न्यावं. संकरित बियाण्याचं पुढच्या वर्षी तसंच येत नाही, हे गावरान आहे, येतं. पण जवळ दुसऱ्या जातीची वांगी लावलेली नकोत.

बी धरायची आईची रीत अशी. झाडावरचं सगळ्यात देखणं, निरोगी वांगं निवडून देठाला सुतळी बांधून ठेवायची म्हणजे कुणी चुकून तोडत नाही. ते पिवळं, तपकिरी पडून मऊ होईपर्यंत झाडावरच ठेवायचं. मग उभं चिरून गर पाण्यात कुस्करायचा. भरीव बी तळाला बसतं, पोकळ वर तरंगतं, ते गरासोबत ओतून द्यायचं. तळाचं बी दोन-तीनदा धुवून फडक्यावर सावलीत पाच-सहा दिवस वाळवायचं, नखाने दाबलं तर चेपलं जाता कामा नये. गोवऱ्यांची राख चाळून त्यात कालवायचं आणि कागदाच्या पुडीत, पुडी झाकणाच्या डब्यात. पुडीवर जात आणि महिना लिहा, मृगापर्यंत चार पुड्या एकसारख्याच दिसायला लागतात.